फळांच्या आठवड्यातला खड्डा

मंगळवार, १२ सप्टेंबर

वन्संना,

आशीर्वाद. तीन वर्षांचे साठले होते, ते एकदम पाठवते आहे. वाटेत काही गळाले तर टपालखात्याला विचारा.

दचकू नका, घरी सगळे बरे आहेत. तुमचे बंधुराज बरे आहेत, वजन सोडल्यास. तुमची खोलीही बरी आहे. तिथे आता कपडे वाळतात. आणि हे पत्र भांडण मिटवायला लिहिलेलं नाही. आपण भांडलो ते इतकं व्यवस्थित भांडलो होतो की आता त्याला हात लावून बिघडवायला नको. तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुम्ही या बायकांना नियोजन शिकवत नाही, मोठेपणाची स्वप्नं विकता." मी म्हणाले, "आणि तुम्ही अंगाचं माप न घेता शिवलेले कपडे वाटायला निघालात." मग तुम्ही बॅग भरलीत आणि मी डबा भरला. डबा तुम्ही नेलात, हे मी तुमच्या बाजूनं लक्षात ठेवलं आहे. रिकामा परत आला नाही, हेही.

कारण कामाचं आहे. मध्यवर्ती कार्यालयाचं छापील वार्षिक नियोजन यंदा आपल्या प्रशिक्षण केंद्रात येऊन पोचलं. ('आपल्या' म्हणजे माझ्या. सवय जात नाही.) जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद, आत बालवाडीच्या वर्षाचा प्रत्येक अर्धा तास बांधून दिलेला. गाणं कुठलं, गोष्ट कुठली, चिकटकामाचा कागद पिवळा की हिरवा. पहिल्या पानावर 'नियोजन प्रमुख' म्हणून तुमची सही. सही सुरेख आली आहे. शेवटचा रकाना 'मुलांचा प्रतिसाद', आणि तोसुद्धा छापूनच आलेला! 'मुले आनंदाने सहभागी होतील.' पुढच्या पानावर 'मुले कुतूहलाने प्रश्न विचारतील.' ऋषी त्रिकालज्ञ असतात असं मी शिकताना वाचलं होतं. त्यांची शाखा मध्यवर्ती कार्यालयात उघडल्याचं कुणी कळवलं नव्हतं.

आता ऐका. आपल्या वर्गाची शेवटची परीक्षा तुम्हाला ठाऊक आहे. निम्मी तुम्हीच बसवलेली आहे. प्रत्येक प्रशिक्षणार्थीनं एक आठवडा खऱ्या बालवाडीत खरी मुलं सांभाळायची. पूर्वी ती आधी दोन दिवस नुसती कोपऱ्यात बसून मुलं बघायची आणि मग स्वतःचा आठवडा स्वतः आखायची. यंदापासून तुमचा छापील आठवडा हातात, आणि मागे खुर्ची टाकून कार्यालयाचे पर्यवेक्षक. कागदावर आहे ते झालं का, एवढं बघायचं.

आमच्या वर्गात एक जण आहे, तिला सगळ्या मुंगी म्हणतात. दिवसभर न बोलता काहीतरी वाहत असते. तिच्या वाट्याला बुधवारी आलं 'सावलीशी ओळख'. मुलांना अंगणात न्यावे, सावल्या दाखवाव्यात, एकमेकांच्या सावलीवर पाय द्यायला लावावा. आणि बुधवारी आभाळ असं गच्च झालं होतं की दिवा लावावा लागला. मुंगी दाराशी मुलांची रांग धरून उभी. पर्यवेक्षकांनी घड्याळावर बोट आपटलं. बिचारीनं काय करावं? स्वयंपाकघराच्या मागून कोळसा आणला आणि अंगणाच्या फरशीवर प्रत्येक मुलाच्या पायापासून एकेक सावली काढली.

मुलं खूश. पण मग दोन वेण्यांची एक छोटी चार पावलं चालून गेली, मागे वळली आणि रडकुंडीला आली. "ताई, माझी येत नाहीये." तिनं हात केला, "ये ना गं!" दुसरा एक जण खाली बसला आणि फरशीवरच्या काळ्या आकृतीला दटावायला लागला, "बस म्हटलं ना, बस!"

मुंगीला पैकीच्या पैकी गुण मिळाले. शेरा: 'नियोजनाची तंतोतंत अंमलबजावणी.' ती संध्याकाळी केंद्रात आली तेव्हा नखांत कोळसा होता. म्हणाली, "बाई, मी त्या लेकरांना काय शिकवलं हो?" मी साबण पुढे केला. तिनं उत्तर मागितलं होतं, वन्सं!

दुसरीची गोष्ट उलटी आहे. ही आधी एका लाँड्रीत इस्त्री करायची. तोंडाळ, अक्षर भयंकर, उशिरा येते आणि आल्यावर उशीर कसा झाला हे रंगवून सांगते. तिचा आठवडा होता 'फळे'. त्याच आठवड्यात बालवाडीसमोर पाण्याचा पाइप घालायला रस्ता खणायला घेतला. मुलं जी खिडकीला चिकटली ती चिकटली. या बाईनं फळं बाजूला ठेवली आणि अख्खा आठवडा खड्ड्यावर काढला. गुण शून्य. शेरा: 'विषयांतर.' तेव्हापासून तिचं नाव खड्डेवाली पडलं आहे आणि तिला ते आवडलेलं आहे.

पर्यवेक्षक नापास म्हणतात, मी पास म्हणते. दोघांचं जुळलं नाही तर निकाल नियोजन प्रमुखांनी द्यायचा, असा नियम आहे. प्रमाणपत्र नाही तर कुठलीही बालवाडी तिला दारात उभी करणार नाही, आणि लाँड्रीतली जागा तर कधीच भरली.

तिला पास करा. एवढंच मागायला तीन वर्षांनी लिहिलं.

तुमची वहिनी
(कार्यालयीन भाषेत: केंद्र प्रशिक्षिका)


गुरुवार, २१ सप्टेंबर

नियोजन प्रमुखांना, आणि त्यांच्या आड लपलेल्या वन्संना,

उत्तर मिळालं. 'आपले पत्र पोचले. विषय सुनावणीस ठेवण्यात आला आहे.' कर्मणी प्रयोग फार सोयीचा असतो, कोणी ठेवला ते सांगावं लागत नाही. तुमच्या बंधुराजांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अक्षर तिचं वाटत नाही." टंकलेल्या पत्राचं अक्षर! आपल्या दोघींच्या युद्धात तटस्थ राहून राहून त्या राष्ट्राची ही अवस्था झाली आहे.

सुनावणीच्या आधी मला माझं म्हणणं नीट मांडू द्या. आमच्याकडे वादाची रीत अशी की आधी पूर्वपक्ष मांडायचा. समोरच्याचं म्हणणं, त्यालाही जमलं नसतं इतकं नेटकं. तर घ्या.

बालवाडीतली ताई एकटी असते. खोली एक, मुलं खोलीत मावतील त्याहून जास्त. एक रडतंय, एकानं चड्डी ओली केलीय, एक फाटकाबाहेर निघालंय. घरी गेली की घरच्यांची उस्तवार सुरू. नियोजन तिनं करायचं कधी? आपण तिला केंद्रात बसवून मोठमोठं सांगितलं, "मुलांकडे बघ, त्यातून आठवडा सुचेल," आणि प्रमाणपत्र देऊन सोडून दिलं. पुढे तिचं काय झालं ते बघायला तुम्ही गावोगाव हिंडलात; मी इथे पंख्याखाली पुढच्या तुकडीला तेच सांगत बसले. तुम्हाला काय दिसलं? निम्म्या जणी वर्षभर तीच दोन गाणी म्हणवून घेत होत्या. अशा बाईच्या हातात छापील आठवडा म्हणजे आधाराची काठी. हे खरं आहे. लिहिताना दातओठ खाल्ले, पण खरं आहे.

आता उत्तरपक्ष. काठी आधाराला दिली होती ना? मग तुमचे पर्यवेक्षक ती उगारून का उभे आहेत? जिला चालता येतं तिच्या पायांवर का मारतात?

खड्डेवालीनं काय केलं ते त्यांच्या अहवालात नाही, म्हणून लिहिते. पहिल्या दिवशी तिनं फळांचं गाणं सुरू केलं. ऐकायला दोघं, बाकीची खिडकीत. तिनं खिडकीपाशी बाकं ओढली, म्हणाली, "बघायचंय ना? मग नीट बघा. उद्या मला सांगायचं, पाइप लांब की आपली खोली." मुलांनी दोरी धरून खोली मोजली. खणणाऱ्या माणसांना पाणी नेऊन दिलं आणि दारातूनच त्यांना प्रश्न विचारून भंडावलं. मागच्या वाळूत स्वतः खड्डे केले. मग वाद पेटला: बाहेर काढलेली माती परत आत मावेल का? काही म्हणाले मावेल, तिथलीच तर आहे. काही म्हणाले, ढीग केवढा आहे बघा! शुक्रवारी माणसांनी खड्डा बुजवला आणि माती उरली. सगळी मुलं खिडकीत गोळा झाली. उरली कशी? नाकाला सर्दी चिकटलेला एक जण विचार करून म्हणाला, "आत पाइप झोपलाय ना. त्यानं जागा घेतली."

चार वर्षांचं पोर हे बोललं, वन्सं. छापील रकान्यात या उत्तराला जागा नव्हती. तिथे लिहिलं होतं, 'मुले फळांची नावे सांगतील.'

ती काही गुणांची पुतळी नाही. शेवटच्या दोन दिवसांचं नियोजन तिनं लिहिलंच नाही, आणि एका मुलाचे बूट चिखलानं असे भरवले की त्याची आई भांडायला आली. मी तिला पैकीच्या पैकी दिले नसते. पास केलं असतं. तेवढंच मागते आहे, दया नको.

तुमच्या कार्यालयातून मला आणखी एक पत्र आलं आहे. ते माझ्यापुरतं आहे, इथे त्याचा विषय नको. बंधुराजांनाही दाखवलेलं नाही.

वाट बघणारी नव्हे, पण फाटकाकडे लक्ष असणारी,
वहिनी


रविवार, ८ ऑक्टोबर

वन्सं,

गुरुवारी तुम्ही माझ्यासमोर बसलात आणि मला 'मॅडम' म्हणालात. तीन वर्षांनी तोंड दिसलं आणि पहिला शब्द तो. बरं वाटलं. आमच्या लग्नात माझा पदर धरून मांडवभर फिरणारी पोरगी एवढी मोठी झाली की मला परकी करू शकते, ही काय लहान प्रगती आहे?

केस पांढरे होऊ दिलेत ते शोभतात. हे कार्यालयीन कामकाजाचा भाग म्हणून धरू नये.

सुनावणीत मला बोलायची मनाई होती. 'प्रशिक्षिकेने निरीक्षक म्हणून बसावे.' मी निमूट बसले. माझ्या ओळखीच्या कुणालाही हे सांगितलं तर पटणार नाही. पण बसल्याबसल्या मला जे दिसलं ते तुम्हाला दिसणं शक्य नव्हतं, कारण तुम्ही कागदात बघत होतात. म्हणून लिहिते.

तुम्ही विचारलंत, "फळांचं काय झालं?"

खड्डेवाली म्हणाली, "खाल्ली."

"कुणी?"

"मुलांनी, मॅडम. खणून भूक लागते. मीपण एक खाल्लं, ते लिहून घ्यायचं असेल तर घ्या."

तेव्हा तुमचे पर्यवेक्षक रागानं लाल झाले आणि तुमचे लिपिक खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. त्यांच्या पायांत चपला होत्या.

पर्यवेक्षक म्हणाले, "हिला नियोजनाचा अर्थच समजलेला नाही. मी तीन वेळा इशारा केला. ही मला म्हणाली, 'सर, तुम्हीपण या खिडकीत, तिकडून काय दिसणार?'"

"मग खोटं काय बोलले? तुमच्या खुर्चीवरून फक्त माझी पाठ दिसत होती."

तुमच्या ओठाचा डावा कोपरा हलला. बंधुराजांचाही तसाच हलतो, तुमच्या घराण्याचं हसू तेवढंच असतं. मग तुम्ही चष्मा काढलात आणि खरा प्रश्न विचारलात. तो प्रश्न चांगला होता, म्हणून जसाच्या तसा लिहिते. "तुम्ही चांगलं काम केलंत असं धरू. उद्या दुसरी एखादी ताई मुलांना महिनाभर खिडकीत उभं करून स्वतः गप्पा मारत बसली आणि तीही म्हणाली, मुलांना तेच बघायचं होतं, तर? तिच्यातला आणि तुमच्यातला फरक मी कार्यालयात बसून कसा ओळखायचा?"

खड्डेवालीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. म्हणाली, "बसून नाही ओळखता येणार. येऊन बघावं लागेल."

"प्रत्येक बालवाडीत?"

"मग काय करणार?"

आणि तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे तेवढी माणसं नाहीत हो."

त्या 'हो'ला मी ओळखते, वन्सं. कॉलेजात पेपर अवघड गेला की तुम्ही दाराशी बूट काढता काढता असंच म्हणायचात, "जमलं नाही हो वहिनी." त्या खोलीत दिवसभरात बोललं गेलेलं ते एकच वाक्य कागदावर घेण्याच्या लायकीचं होतं, आणि लिपिकांनी तेवढंच घेतलं नाही.

मी उठून बोलणार होते. मनाई आठवली. खरं सांगायचं तर मनाई आठवली नाही, ते दाराशी काढलेले बूट आठवले. पण ते सोडा.

आता बोलते. माणसं नाहीत म्हणून तुम्ही कागद धाडता. कागद जाऊन बसतो, आणि त्याच्यावर नजर ठेवायला पुन्हा माणूस लागतोच. फक्त तो मुलांकडे न बघता कागदाकडे बघतो. एवढा माणूस खर्च करायचाच, तर त्याची खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवायला काय हरकत होती? ही माझी मोठी मागणी. छोटी तुम्हाला माहीत आहे. निकाल अजून दिलेला नाहीत.

जाताना तुम्ही केंद्राच्या मागच्या खोलीचं दार ढकलून बघितलंत. आपण दोघींनी पुठ्ठ्याची घरं बनवली होती ती खोली. कुलूप होतं. किल्ली माझ्या कमरेला होती आणि मी दिली नाही. मागितली असतीत तर दिली असती.

मॅडम


शनिवार, २१ ऑक्टोबर

वन्सं,

तुमचा तोडगा पोचला. वाचून दाखवते, म्हणजे तुम्हालाही ऐकू जाईल: 'नियोजनाबाहेरील काम आपण स्वतः दिलेल्या सूचनेवरून झाल्याचे प्रशिक्षिकेने लेखी कळविल्यास प्रशिक्षणार्थीस उत्तीर्ण करण्यास हरकत नसावी.'

हुशारीचं आहे. तिचं प्रमाणपत्र वाचतं, पर्यवेक्षकांचा शेरा वाचतो, छापील नियोजनाची अब्रू वाचते. मी तेवढी बुडते. आणि त्या दुसऱ्या पत्रात तुमच्या कार्यालयानं 'आपणास पदावर का ठेवावे' असं विचारलंच आहे, तेव्हा मी बुडणारच आहे तर बुडता बुडता एक काम उरकून घ्यावं, असा हिशेब. यात तुमचा जीव तुटलेला मला दिसतो. रात्र घालवली असेल तुम्ही याच्यावर. म्हणून उत्तर रागानं देत नाही, शांतपणे देते: नाही.

ती माझी सूचना नव्हती. मला खड्ड्याचं दुसऱ्या दिवशी कळलं, आणि कळलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं, "अगं बाई, पर्यवेक्षक बसलेत ना तिथे!" म्हणजे मी भ्यायले होते. ती भ्यायली नाही. आता 'माझ्या सांगण्यावरून केलं' असं लिहून देऊ? तुम्हाला वाटतं मी तिचा दोष स्वतःच्या डोक्यावर घेईन. वन्सं, तो दोष नाही, तिनं केलेलं एकुलतं एक अस्सल नियोजन आहे. ते माझ्या नावावर घेणं म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा.

पण प्रमाणपत्र तिचं, पोट तिचं. माझ्या ताठ्यापायी ती का उपाशी राहावी? म्हणून तिला बोलावलं आणि तुमचा कागद तिच्यासमोर ठेवला. ती सतरंज्या घड्या करत होती. वाचायला तिला वेळ लागतो. वाचून झाल्यावर म्हणाली, "बाई, मला नोकरी पाहिजे. हे आधी ऐका."

"ऐकलं."

"जाऊबाई रोज विचारतात, 'काय, झाल्या का मास्तरीण?'"

"मग लिहून देऊ?"

ती सतरंजीवर बसली. "तुम्ही सांगितलंत म्हणून मी केलं, असं होय? तुमचं ऐकून मी आजपर्यंत काही केलंय का?"

"आठवत नाही."

"आणि नवऱ्याला कळलं तर? तो म्हणतो, ही कुणाच्या बापाचं ऐकत नाही. बाईंचं ऐकते म्हटल्यावर घरात माझी काय किंमत राहील!" हसली, मग हसू पुसलं. "खोटं लिहू नका. पण बाई, तुमच्या त्या नणंदबाईंना एवढं सांगा, मला खरंच पाहिजे हो ते प्रमाणपत्र. नुसती हिंमत दाखवायला नाही आले मी इथे."

तर सांगितलं.

सोबत माझा शेरा जोडला आहे. लेखी पाहिजे होतं ना? 'नियोजन बदलण्याची कल्पना प्रशिक्षणार्थीची. सूचना कोणाचीही नाही. शेवटच्या दोन दिवसांचे नियोजन लिहिलेले नाही, त्याचे गुण कापावेत. मुलांनी काय पाहिले, काय विचारले आणि पुढे काय करावे याचे भान संपूर्ण आठवडा होते. शिफारस: उत्तीर्ण.' खाली माझी सही, पूर्ण, वळणासकट.

आता त्याखाली तुमची जागा आहे. नापास करायचं असेल तर करा. पण कर्मणी प्रयोग नको, शिक्का नको, लिपिकाचा 'करिता' नको. तुमच्या हातानं, तुमच्या पेनानं लिहा, 'मी हिला नापास करते.' मी ते वाचीन आणि पुन्हा पत्र लिहिणार नाही. धमकी समजा. मला दुसरी कुठलीच येत नाही.

न बुडालेली,
वहिनी


शुक्रवार, १० नोव्हेंबर

वन्सं,

काल एका पाकिटातून दोन कागद आले.

पहिला खड्डेवालीचं प्रमाणपत्र. दोन दिवसांचे गुण कापलेले, उरलेले दिलेले, खाली तुमची सही. शाई जरा पसरली आहे. कोरडी होण्याआधी घडी घातलीत. कारण तुम्ही मन बदलायच्या आत पाकीट बंद करत होतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरा माझा. 'छापील नियोजनाची अंमलबजावणी करण्यास असमर्थ' म्हणून मला केंद्रातून मुक्त केलं आहे. त्याखालीही तुमचीच सही, आणि ती मात्र खडखडीत वाळलेली. बरोबर केलंत. 'असमर्थ' हा शब्द मात्र चुकला, 'नाखूश' हवा होता. पण तुमच्या जागी मी असते तर मीही मला काढलं असतं. बरीच आधी.

पहिल्या कागदाबद्दल मी आभार मानणार नाही. ती पास होण्यासारखी होती, पास झाली. न्यायाचे आभार मानायची सवय लागली की पुढच्या खेपेला न्याय उपकार म्हणून मिळतो. दुसऱ्याबद्दल तक्रारही करणार नाही. हिशेब सरळ आहे.

खड्डेवालीला प्रमाणपत्र दिलं तेव्हा तिनं ते दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाली, "एवढंसंच असतं?" मग रिक्षा करून थेट जाऊबाईंकडे गेली. सोमवारपासून बाजारामागच्या बालवाडीत लागते आहे. त्याच सोमवारी मी केंद्राच्या किल्ल्या देणार. मागच्या खोलीची वेगळी बांधून ठेवली आहे, ती तुम्ही स्वतः घ्यायला यावं. लिपिकाकडे देणार नाही.

आणि मंगळवारी माझा नवा वर्ग सुरू होतो. टायरच्या दुकानाचा वरचा मजला मिळाला आहे. रबराचा वास येतो, पंखा एका दिशेलाच वारा देतो, भिंतीवर पूर्वीच्या कुणीतरी खिळ्यांचं नक्षत्र करून ठेवलं आहे. शिकायला येणाऱ्या बायका ठरल्या आहेत, त्यांत मुंगी पुन्हा आहे. तिला पैकीच्या पैकी गुण असून ती परत शिकायला येते, म्हणजे बघा. तुमच्या त्या चांगल्या प्रश्नावर मी महिनाभर झोपताना उठताना विचार केला. माणसं नाहीत म्हणालात ना? आमच्यातली प्रत्येक जण महिन्यातली एक सकाळ दुसरीच्या बालवाडीत जाऊन बसणार. काय दिसलं ते येऊन सांगणार, आणि मग दोघी मिळून पुढचा आठवडा आखणार. गुण नाहीत, शेरा नाही. बसायची जागा मुलांच्या बाजूला. तुमचा छापील ठोकळाही तिथे टेबलावर असेल. जिला अडेल तिनं बघावा. पण कुणी तो घेऊन उगारला तर मी खालून टायर घरंगळवत आणीन.

तुमच्या बंधुराजांना काल पाकीट दाखवलं. सप्टेंबरातलं ते 'पदावर का ठेवावे'वालं पत्रही आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी दोन्ही कागद वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले. पाकीट उलटं करून झटकलं. मग अगदी हळू विचारलं, "तिनं आपल्याला खासगी काहीच लिहिलं नाही का गं?"

मी म्हटलं, "अहो, हातात काय धरलंय मग? दोन्ही खासगीच आहेत."

कार्यालयाच्या दृष्टीनं आता कुणीच नसलेली,
तुमची वहिनी